करंज धरेना, झोळी झुलेना

एवढीशी उंदरी. तिचं नाव टिकली.
तिच्याहून एवढासा तिचा भाऊ. त्याचं नाव गोटू.

उन्हाळा आला. बिळात उकडायला लागलं. मग उंदरांनी काय केलं? रानात मुक्काम केला. करंजाच्या झाडाखाली, गार गार सावलीत.

दुपार झाली. आई म्हणाली, "टिकली बाय, मी दाणे वेचून आणते. तू झोळी बांध. गोटूला निजव."
"हो आई," टिकली म्हणाली.

टिकलीनं लाल चिंधी घेतली. चिंधीची झोळी केली. मग एक बारीक दोरा घेतला. एक वाळकी काटकी बघितली. घाई घाई, दोरा काटकीला बांधून टाकला.

गोटू झोळीत बसला. एक झोका. दोन झोके.
काटकी वाजली, कट्!
दोरा तुटला, फट्!
गोटू पडला, धप्प!

"ऊंऽऽऽ!"
गोटूला लागलं थोडंसं. पण भीती वाटली खूप.
टिकलीनं त्याची पाठ चोळली. हळूच फुंकर घातली. म्हणाली, "पाचोळ्यात झोपतोस का रे?"
"नाही. मला झोळी."
"बरं. परत बांधू."
"परत धप्प होईल?"
टिकलीनं तुटलेला दोरा बघितला. तिला काय माहीत?

मग टिकली उठली. गोटूनं ताईचं शेपूट धरलं.
पुढे टिकली, तुरुतुरु तुरुतुरु.
मागे गोटू, लुटुलुटु लुटुलुटु.

आधी भेटला करंज. टिकली म्हणाली,
"झोळी झुलेना,
गोटू निजेना."
"निजेना!" गोटू ओरडला.
"करंजकाका, करंजकाका, झोळी धरता का?"

करंज म्हणाला, "नाही बाई, नाही! वाळक्या काटकीला कुणी झोळी बांधतं का, वेडाबाई? माझ्या जाड जाड फांद्या आहेत की! पण बारीक दोरा मला काचतो. सालीत रुततो. रुंद पट्टा आण. मग धरतो."

टिकली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
गोटू मागे, लुटुलुटु लुटुलुटु.

पुढे भेटली सुगरण. तिचं घरटं झुलत होतं. टिकली म्हणाली,
"करंज धरेना,
झोळी झुलेना,
गोटू निजेना."
"निजेना!" गोटू ओरडला.
"सुगरणमावशी, सुगरणमावशी, रुंद पट्टा विणता का?"

सुगरण म्हणाली, "नाही बाई, नाही! गवताचा पट्टा माझ्या पिल्लांना पुरतो. तुझा गोटू किती गुबगुबीत! त्याला घायपाताचा वाख हवा. पांढरा पांढरा, चिवट चिवट दोरा असतो तो. वाख आण. मग विणते."
"मी गुबगुबीत नाही," गोटू म्हणाला.
"आहेस रे राजा," सुगरण म्हणाली.

टिकली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
गोटू मागे, लुटुलुटु लुटुलुटु.

पुढे भेटला घायपात. त्याची पानं लांब लांब. पानांना टोक, टोकाला काटा. टिकली म्हणाली,
"सुगरण विणेना,
करंज धरेना,
झोळी झुलेना,
गोटू निजेना."
"निजेना!" गोटू ओरडला.
"घायपातमामा, घायपातमामा, वाख देता का?"

घायपात म्हणाला, "नाही बाई, नाही! मागे सरक, मागे सरक! वाख माझ्या पानाच्या पोटात आहे. पान ओढशील तर नाकाला टोचेल. कापायला कात्रीवाला खेकडा आण. मग देतो."

टिकली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
गोटू मागे, लुटुलुटु लुटुलुटु.

पुढे आलं डबकं. डबक्याच्या काठाला बीळ. बिळात खेकडा. पण बिळाच्या दारात म्हैस बसलेली! टिकलीनं फटीत तोंड घातलं. म्हणाली,
"घायपात देईना,
सुगरण विणेना,
करंज धरेना,
झोळी झुलेना,
गोटू निजेना."
"निजेना!" गोटू ओरडला.
"खेकडेदादा, खेकडेदादा, पान कापता का?"

आतून आवाज आला, "नाही बाई, नाही! कात्र्या आहेत. एक नाही, दोन आहेत. पण निघू कुठून? दारात बघ ना कोण बसलंय! सकाळपासून मला नुसती काळी भिंत दिसतेय. म्हशीला उठव. मग निघतो."

टिकली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
गोटू मागे, लुटुलुटु लुटुलुटु.
शेपटीकडून निघाली, तोंडाशी आली. म्हैस केवढी मोठी! टिकली म्हणाली,
"खेकडा निघेना,
घायपात देईना,
सुगरण विणेना,
करंज धरेना,
झोळी झुलेना,
गोटू निजेना."
"निजेना!" गोटू ओरडला. आणि त्याला जांभई आली.
"म्हैसआत्या, म्हैसआत्या, जरा उठता का?"

म्हैस म्हणाली, "नाही बाई, नाही! चिखलात बसले तर बरं वाटतं. उठले की गोमाश्या चावतात. कडाकडा चावतात गं! रोज बगळा येतो, माश्या टिपतो. आज कुठे गेला कोण जाणे. बगळ्याला आण. मग उठते."

टिकली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
गोटू मागे, लुटुलुटु लुटुलुटु.

पुढे भेटला बगळा. बांधावर उभा. एका पायावर उभा. मान वळवून, डोळे मिटून उभा. टिकली म्हणाली,
"म्हैस उठेना,
खेकडा निघेना,
घायपात देईना,
सुगरण विणेना,
करंज धरेना,
झोळी झुलेना,
गोटू निजेना."
"निजेना," गोटू म्हणाला. अगदी हळू. त्याचे डोळे मिटायला लागले होते.
"बगळेभाऊ, बगळेभाऊ, म्हशीकडे उडता का?"

बगळा म्हणाला, "नाही बाई, नाही! मी रुसलोय."
"का हो?"
"म्हशीनं शेपूट मारलं. फटाक्! इथे, पाठीवर. आणि 'लागलं का रे?' म्हणाली पण नाही."
टिकली म्हणाली, "लागलं का हो?"
"तू नाही. तिनं म्हणायचं."
"मी तिला सांगते."
"नाही. मी रुसलोय."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. टिकली बांधावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोटू फार दमला होता. त्याला टेकायला काहीतरी हवं होतं. समोर एक बारीक बारीक पाय दिसला. गोटू पायाला टेकला. त्याच्या मिशा पायाला लागल्या.
"अरेच्चा!" बगळा म्हणाला.
गोटूनं गाल घासला.
"अरेच्चा, गुदगुल्या! अरे नको, अरे नको! एकच पाय आहे खाली!"
बगळा हलला. बगळा डुलला. बगळा हसला, खीखीखी!
तोल गेला आणि बगळा उडाला! फडफड फडफड!
वर गेल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे. हसू आलं की रुसता येत नाही."

बगळा म्हशीच्या पाठीवर बसला. टच्! गोमाशी टिपली. टच्! दुसरी टिपली.
"आलास होय रे?" म्हैस म्हणाली. "काल शेपूट लागलं का रे तुला?"
"थोडंसं," बगळा म्हणाला.
"माश्या समजून मारलं रे, बाळा. आता जरा डावीकडे टिप. हां, तिथेच, तिथेच!"

म्हैस उठली, पच्चाक्! चिखल उडाला. टिकलीला नाकावर लागला.

खेकडा निघाला, तिरपा तिरपा, खडखड खडखड. "उजेड! उजेड दिसला!" तो म्हणाला.

घायपातानं पान दिलं. खेकड्यानं कापलं, कचाक्! मग पान खरवडलं, खर्र खर्र, खर्र खर्र. आतून निघाला वाख. पांढरा पांढरा, चिवट चिवट.

सुगरणीनं वाख घेतला. इकडून घातला, तिकडून काढला.
"एवढा रुंद?" तिनं विचारलं.
"आणखी," टिकली म्हणाली.
"एवढा?"
"आणखी!"
"घे बाई!" सुगरण म्हणाली. पट्टे झाले दोन. एक या टोकाला, एक त्या टोकाला.

टिकली झाडापाशी आली. मागोमाग म्हैस, खेकडा, बगळा, सुगरणही आले. या वेळी तिनं घाई केली नाही. पट्टा फांदीवर सपाट ठेवला. फांदीला वेढा घातला. गाठ मारली. गाठ ओढून बघितली. तिकडेही तसंच केलं.
"काचतंय का हो, करंजकाका?"
"नाही गं. कुणी हात धरल्यासारखं वाटतंय," करंज म्हणाला. "उंच नको हं. खाली बांध."
टिकलीनं झोळी खाली बांधली. खाली मऊ मऊ पाचोळा.

"मी बसून बघू का?" म्हैस म्हणाली.
"नको!" सगळे ओरडले.

"आधी दगड," टिकली म्हणाली. दगड गोटूहून जड होता. सगळ्यांनी मिळून तो झोळीत ठेवला. गोटू लांब उभा राहिला. डोळे मोठे करून बघत राहिला.
"कट् झालं?"
"नाही."
"फट् झालं?"
"नाही."
"धप्प?"
"नाही रे, सोन्या."

दगड काढला. पण गोटू पुढे येईना.
"ताई, आधी तू बस."
टिकली झोळीत बसली. एक झोका. दोन झोके. तीन झोके. करंज धरून होता. पट्टा धरून होता.
गोटू एक पाऊल पुढे आला. आणखी एक पाऊल आला. मग म्हणाला,
"ताई, सरक की!"
आणि स्वतःच चढला.

बगळा उडाला,
म्हैस उठली,
खेकडा निघाला,
घायपातानं दिलं,
सुगरणीनं विणलं,
करंजानं धरलं,
झोळी झुलली,
गोटू निजला.

आई आली. गालात दाणे भरलेले. झोळीपाशी येऊन तिनं हळूच विचारलं, "टिकली बाय, निजला का गं गोटू?"
आईनं झोळीत डोकावून बघितलं.
टिकलीच्या नाकावर चिखल होता. तिच्या गळ्यात गोटूचा हात होता. आणि तीही निजली होती.