चुंबकाची हौस

फार जुन्या काळी, हत्यारं अजून आपसांत बोलत होती तेव्हा, धोंडू सुताराच्या पडवीत एक लोहचुंबक राहत असे. संध्याकाळी भुसा चुलीसाठी भरण्याआधी धोंडू त्याला भुशातून फिरवी. सांडलेले खिळे टपाटप त्याला चिकटत आणि आगीतून वाचत.

पण चुंबकाच्या मनात हातोडा सलत असे. "लेका, तू नुसता वेचणारा," हातोडा हसून म्हणे. "ठोकायला छाती लागते!"

एकदा हातोड्याचा दांडा मोडला. चुंबक लगबगीने धोंडूच्या हाताखाली सरकला आणि धोंडू त्यानेच ठोकू लागला. पहिल्याच घावाला चुंबकाच्या पोटातले बारीक कण कळवळले, "दादा, पुरे! आम्ही सगळे एका दिशेला तोंड करून उभे आहोत, म्हणून तुझ्यात ओढ आहे. हादऱ्यांनी आमची तोंडं फिरतात."

"गप बसा रे! आज कुठे माझा आवाज गल्लीत जातोय," चुंबक म्हणाला आणि दिवसभर घाव घालत राहिला.

संध्याकाळी तो भुशातून फिरला. तळाशी एक चिमुकला खिळा होता. "काका, मी इथंय! ओढा ना!"

चुंबकाने सगळा जीव एकवटला. पण आतला प्रत्येक कण आता वेगळीकडेच बघत होता. खिळा तसूभरही हलला नाही.

"आज एकही सांडला नाही वाटतं," म्हणत धोंडूने भुशाची पाटी उचलली. "काका, काका" अशी हाक चुलीपर्यंत ऐकू येत राहिली. मग भुसा पेटला.