हललेला फोटो

"...पण चेहरा पुसला कुणी, तेवढं सांगा ना बाबा."

दिगंबरराव सोनटक्के तिसऱ्यांदा विचारत होते. काशीमबाबा तिसऱ्यांदा आपल्या काळ्या घोंगडीतली ऊ शोधत होते.

दिगंबरराव म्हणजे जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचे नामांकित वेडे. जुन्या बाजारातून अकराशे जमवलेले. कुणाची मुंज, कुणाचं लग्न, कुणाची खुर्चीत ताठ बसवलेली आजी. परक्या आज्या पाहून हे डोळे टिपणार, आणि इकडे स्वतःची बायको चहा घेऊन उभी, तिचा पत्ता नाही.

पण त्या ढिगात ते शोधत होते एकच माणूस. वडील. दिगंबरराव सव्वा वर्षाचे असताना गेले. मागे एकच फोटो, आणि त्यात चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

फोटोमागे शिक्का होता काशीमबाबांच्या स्टुडिओचा. तो बंद करून बाबा दर्ग्याच्या पायरीवर येऊन बसले, त्याला तीस वर्षं झाली.

बाबांनी फोटो नाकाला लावून पाहिला.

"कोट माझा आहे."

"वडिलांचा आहे." दिगंबरराव ताठले. "आमचं घराणं..."

"मागनं उसवलेला होता. जाड्याला बसायचा, बारक्यालाही बसायचा. अख्खा तालुका त्यात शोभून दिसला, साहेब. दुसरं बटण तुटकं."

ते तुटकं बटण दिगंबररावांनी आपल्याच ढिगातल्या तीन नवरदेवांच्या आणि एका फौजदाराच्या छातीवर पाहिलं होतं.

"...आणि चेहरा?"

"कुणी पुसला नाही. माणूस हलला."

"एवढ्या वर्षांनी आठवतंय तुम्हाला?"

"नीट उभे राहिले ते सगळे विसरलो. हललेले तेवढे ध्यानात आहेत." बाबांनी फोटो परत दिला. "म्हटलं, हा फाडतो, दुसरा काढू. तर नको म्हणाला. हाच द्या म्हणाला."

"का?"

"दारात बाई उभी होती. काखेत पोर."

"...केवढं?"

"रडण्याएवढं."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"उभे राहा तिथं. उन्हात. दर्ग्याचं दार डाव्या अंगाला येऊ द्या."

साठीचा माणूस शाळेतल्यासारखा उभा राहिला. बाबांनी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि ते वाकले. कॅमेरा नव्हता, पण वाकणं तेच.

"श्वास धरा... हलायचं नाही... एक... दोन..."

आणि घोंगडीतून तान्ह्या पोराचं रडणं उठलं. हुबेहूब. दर्ग्यावरची कबुतरं उडाली.

दिगंबररावांची मान गर्रकन दाराकडे वळली.

दारात कुणी नव्हतं. पण मान तशीच राहिली... ओठ किंचित उघडे, भुवया वर चढलेल्या... आत्ता धावतील की काय, असे.

घोंगडीच्या फटीतून दोन म्हातारे डोळे बराच वेळ बघत राहिले.

"हां..." बाबा हळूच म्हणाले. "अगदी असाच होता."