मुरमावरची तीन वर्षं

“पण चूक कुठं आहे, तेवढं सांगा ना वस्ताद?”

धैर्यशील इंगवलेनं तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल मुजावर वस्ताद मैदानाच्या पायरीवर बसून फाटका फुटबॉल शिवत होते. धैर्यशीलनं दिलेला यादीचा कागद मांडीवर होता, पण लक्ष सगळं दाभणावर.

धैर्यशील कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक. एके काळी वस्तादांच्याच हाताखाली खेळलेला. पुढं संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि तेव्हापासून त्याच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे.

यंदा भरती केलेल्या सोळा पोरांना त्यानं गुण देऊन ओळीनं लावलं होतं. कोण किती वेगानं पळतो, दहातले किती पास नेमके जातात, सगळं मोजून. पहिले आठ अ तुकडीत, उरलेले आठ ब तुकडीत. यादी चार वाजता फळ्यावर लागायची होती. वस्ताद कधीच निवृत्त झाले होते, तरी त्यांच्या सहीशिवाय या मैदानावर यादी लागत नाही, ही जुनी रीत.

“नऊ वर्षांचा हिशोब आहे माझ्याकडे,” धैर्यशील म्हणाला. “संघाचे गोल दोनशे चाळीस. त्यातले दोनशे एकवीस दरवर्षीच्या माझ्या पहिल्या आठांनी मारलेत. दरसाल मी म्हणालो तेच झालं. याला नशीब म्हणाल?”

“न्हाई बा.”

“मग?”

वस्तादांनी दोरा दातानं तोडला.

“ह्यो बॉल कुनाचा, धैर्या?”

“ब तुकडीचा. जुने बॉल त्यांनाच जातात.”

“आनि खेळत्यात कुठं?”

“पलीकडच्या अर्ध्यात.”

मैदानाचा नळ अलीकडच्या टोकाला. पाइप मध्यरेषेपर्यंतच पोचतो. अलीकडं हिरवंगार, पलीकडं नुसता मुरूम. तिथं बॉल कुठं उसळेल ते त्या बॉललाही ठाऊक नसतं.

“नऊ वर्षं?”

“नऊ वर्षं...” धैर्यशीलचा आवाज जरा चढला. “चांगल्या पोरांना चांगलं मैदान दिलं, त्यात काय बिघडलं?”

वस्तादांनी कागद उलटा धरला. सोळावं नाव वर आलं.

“यंदा अशी लाव. खालचं आठ हिरवळीवर, वरचं आठ मुरमावर. आकडं खरं असतील तर तुझी पोरं तिथं बी वरच ऱ्हातील की.”

“आणि त्यांचं वर्ष वाया गेलं तर?”

“ब तुकडीची नऊ गेली. तवा तुझी झोप उडाली न्हाई ती?”

धैर्यशीलचं डोकंच फिरलं.

“तुम्ही बोलू नका, वस्ताद! आकडा पेठ विचारत नाही. तुम्ही विचारलीत. मी तुमच्या पेठेतला नव्हतो, म्हणून तीन वर्षं त्याच मुरमावर टाकलंत मला. तीन वर्षं! म्हणून शिकलो मी आकडे. पुन्हा कुणाच्या नशिबाला तुमची मर्जी येऊ नये म्हणून. सही करा नाहीतर करू नका, यादी मी लावणार.”

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर पडलं होतं.

वस्तादांनी बॉल खाली ठेवला. त्यांनी पलीकडच्या अर्ध्याकडं बघितलं.

“व्हय... टाकलं तुला. पेठ बघूनच टाकलं. चुकलं माझं. तवाच म्हनाय पायजे हुतं, म्हनलो न्हाई.”

भांडायला आलेल्या माणसासमोर दुसऱ्यानं चूक कबूल केली की त्याची मोठी पंचाईत होते. डोळे पुसायला धैर्यशीलनं तोंड फिरवलं.

“एक सांग,” वस्ताद म्हणाले. “त्या तीन सालांत तुझं गोल किती?”

धैर्यशील बुटाची नाडी बांधायला वाकला.

“किती?”

“एकही नाही.”

“आनि मी हिरवळीवर ठेवलेल्या पोरांचं?”

धैर्यशीलला तो आकडा पाठ होता. रोज आठवत होता तो.

“एकसष्ट,” तो म्हणाला.

वस्तादांनी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. कागद पुन्हा सुलटा केला आणि गुडघ्यावर नीट पसरला.

“म्हंजे तुझ्या हिशोबानं तुला मी टाकलं, ते बरोबरच हुतं... दाखव, सही कुठं करू?”