टिचकीचा गूळ आणि तापलेली लाल गाडी

ही टिचकी.

टिचकी म्हणजे मुंगी. तिळाएवढी. नाही, तिळाहून थोडी मोठी. नीट मोजायचं राहून गेलं.

आज टिचकीच्या घरी बारसं होतं. टिचकीला नवा भाऊ झाला होता. आत्या पाळण्याजवळ बसली होती.

"आत्या, नाव सांग ना," सगळ्या मुंग्या म्हणाल्या.

"आधी गूळ," आत्या म्हणाली. "बाळाचं तोंड गोड होऊ दे. मग नाव."

म्हणून टिचकी गुऱ्हाळात गेली. गुऱ्हाळात उसाचा रस उकळतात, रट रट रट. मग त्याचा गूळ होतो. टिचकीनं एक खडा उचलला. डोक्यावर घेतला. निघाली.

तुरुतुरु. तुरुतुरु.

वाटेत शर्यतीचं मैदान. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड. शेडमध्ये गाडी. लाल. लांब. जमिनीला टेकलेली. शर्यतीची गाडी.

खरं तर वळसा घालून जायला हवं होतं. पण घाई होती. घाईत कोण वळसा घालतं?

टिचकी चाकावर चढली. चाकावरून बॉनेटवर गेली. बॉनेटला होती जाळी. आणि टिचकी घसरली.

सर्रर्र.

खडा जाळीतून आत पडला.

टप्प.

टिचकीच्या मागच्या पायाला एक कण चिकटून राहिला. एवढासा कण. बास.

टिचकीनं जाळीतून डोकावलं. खडा इंजिनाच्या टोपीवर पडला होता. आणि इंजिन तापलं होतं.

धग धग. धग धग.

टिचकीनं एक पाय पुढे टाकला.

"आई गं."

चटका बसला. (आपणही हात लावायचा नाही हं. गरम इंजिनाला कुणीच हात लावत नाही. बाबासुद्धा नाही.)

खड्याचा एक कोपरा मऊ झाला होता. खडा वितळला की गूळ नाही. गूळ नाही तर नाव नाही. बाळ आपलं नुसतंच बाळ राहणार.

शेडमध्ये जयसिंगदादा होता. ही गाडी पळवणारा. थोड्याच वेळात शर्यत होती. तो हेल्मेट हातात घेऊन गाडीला वारा घालत होता.

"गरमीचा काटा लाल झाला," तो म्हणत होता. "काटा लाल झाला."

त्याला टिचकी दिसलीच नाही.

मग टिचकीनं जाळीतून हाक मारली.

"इंजिनबुवा, इंजिनबुवा, गार व्हा ना.
गूळ मला मिळेना,
बाळाचं नाव ठरेना."

इंजिन म्हणालं, धग धग, "पाणी धावल्याशिवाय मी गार होत नाही. जा, पाण्याला सांग."

टिचकी निघाली. तुरुतुरु. तुरुतुरु.

जाड काळ्या नळीत पाणी होतं. हिरवं हिरवं. (गाडीचं पाणी असं हिरवं असतं. सरबतासारखं दिसतं. प्यायचं नाही. अजिबात नाही.) पाणी गप्प पडून होतं.

"पाण्या, पाण्या, धाव ना.
इंजिन गार होईना,
गूळ मला मिळेना,
बाळाचं नाव ठरेना."

पाणी म्हणालं, बुडुक बुडुक, "पंप फिरल्याशिवाय मी धावत नाही. जा, पंपाला सांग."

टिचकी निघाली. तुरुतुरु. तुरुतुरु.

पंप गोल होता. रुसल्यासारखा बसला होता.

"पंपभाऊ, पंपभाऊ, फिर ना.
पाणी धावेना,
इंजिन गार होईना,
गूळ मला मिळेना,
बाळाचं नाव ठरेना."

पंप म्हणाला, घूं घूं, "पट्ट्यानं ओढल्याशिवाय मी फिरत नाही. जा, पट्ट्याला सांग."

टिचकीनं वर पाहिलं. खडा चकाकत होता. चकाकणारा गूळ म्हणजे वितळायला लागलेला गूळ.

टिचकी निघाली. आता जोरात. तुरुतुरुतुरुतुरु.

पट्टा लांब होता. काळा होता. इकडच्या चाकावरून तिकडच्या चाकावर गेला होता. पण मध्येच लोंबत होता. सैल चड्डीच्या नाडीसारखा.

"पट्टेराव, पट्टेराव, ओढा ना.
पंप फिरेना,
पाणी धावेना,
इंजिन गार होईना,
गूळ मला मिळेना,
बाळाचं नाव ठरेना."

पट्टा म्हणाला, चीं चीं चीं, "मी सैल पडलो. नुसता घसरतो. बोल्ट घट्ट झाल्याशिवाय मी ओढत नाही. जा, बोल्टला सांग."

टिचकी निघाली. तुरुतुरुतुरुतुरु.

बोल्ट सापडेचना. इथे नाही. तिथे नाही. मग आवाज आला. खुळखुळ. खुळखुळ. अगदी खाली, कोपऱ्यात, एक छोटासा बोल्ट हलत होता.

"तू?" टिचकी म्हणाली. "तू एवढासा. तुझ्यामुळे एवढी मोठी गाडी अडलीय?"

"अडलीय," बोल्ट म्हणाला. तो लाजला होता.

"बोल्टू, बोल्टू, घट्ट हो ना.
पट्टा ओढेना,
पंप फिरेना,
पाणी धावेना,
इंजिन गार होईना,
गूळ मला मिळेना,
बाळाचं नाव ठरेना."

बोल्ट म्हणाला, खुळखुळ, "पाना फिरल्याशिवाय मी घट्ट होत नाही. जा, पान्याला सांग."

टिचकी गाडीखालून बाहेर आली. भिंतीवर चढली. भिंतीवर पाने टांगले होते. झाडाचे नव्हेत. लोखंडाचे. बोल्ट पिळायचे.

"मी आहे ना," मोठा पाना म्हणाला.

टिचकीनं पाहिलं. "काका, तुमचं तोंड फार मोठं. बोल्टचं डोकं छोटं. तुम्ही नुसते गरगर फिराल."

"मग मी," चिमुकला पाना म्हणाला.

"तुझं तोंड फार बारीक. बोल्ट मावणारच नाही."

मग होता मधला पाना. त्याचं तोंड अगदी बोल्टएवढं होतं.

"पानाकाका, पानाकाका, फिरा ना.
बोल्ट घट्ट होईना,
पट्टा ओढेना,
पंप फिरेना,
पाणी धावेना,
इंजिन गार होईना,
गूळ मला मिळेना,
बाळाचं नाव ठरेना."

पाना म्हणाला, टण् टण्, "अक्कानं उचलल्याशिवाय मी फिरत नाही. जा, अक्काला सांग."

"कोण अक्का?"

तेवढ्यात बाहेर आवाज आला. फटफटफटफट. एक स्कूटर आली. स्कूटरवरून उतरली मालनअक्का. साडीवर खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. मालनअक्का म्हणजे गाड्यांची मिस्त्री.

"अक्का, लवकर," जयसिंगदादा म्हणाला. "काटा लाल झालाय."

"तू पण लाल झालायस," अक्का म्हणाली. आणि टायरवर बसली.

"अक्का, घाई आहे ओ."

"घाई तुझी. तहान माझी. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी विचारतात. गूळ-पाणी घेतल्याशिवाय मी पाना उचलत नाही."

जयसिंगदादानं जीभ चावली. धावपळीत तो विसरलाच होता. त्यानं पाण्याची बाटली आणली. डबा उघडला. डबा रिकामा. पिशवी झटकली. पिशवी रिकामी. खिशात पाहिलं. खिशात एक नट निघाला.

गूळ नाही.

टिचकी अक्काच्या गुडघ्यावर चढली.

"अक्का, अक्का, उठा ना.
पाना फिरेना,
बोल्ट घट्ट होईना,
पट्टा ओढेना,
पंप फिरेना,
पाणी धावेना,
इंजिन गार होईना,
गूळ मला मिळेना,
बाळाचं नाव ठरेना."

अक्कानं चष्मा पुसला. खाली वाकली.

"अगं बाई. दुखणं कुठून कुठे गेलंय, हे तू शोधलंस?"

"हो."

"आणि हा बाबा हेल्मेटनं वारा घालतोय."

जयसिंगदादानं हेल्मेट पाठीमागे लपवलं.

"पण पोरी," अक्का म्हणाली, "घसा सुकलाय. रीत ती रीत. आधी गूळ-पाणी."

आता आली का पंचाईत. अक्काला हवा गूळ. गूळ आहे गाडीत. गाडीतला गूळ अक्का उठल्याशिवाय निघत नाही. आणि अक्का गुळाशिवाय उठत नाही.

टिचकीनं आपल्या मागच्या पायाकडे पाहिलं.

पायाला कण होता. एवढासा. खडा वितळलाच, तर निदान हा कण बाळाला. असं तिनं मनात ठेवलं होतं. तिनं तो चाटलाही नव्हता.

कण दिला आणि खडाही वितळला, तर?

मग काहीच नाही.

तुम्ही काय केलं असतं? मला विचाराल, तर मी अजून विचार करते आहे.

पण टिचकी माझ्यासारखी नव्हती. तिनं पाय पुढे केला.

"अक्का, घ्या. गूळ."

अक्कानं तो कण बोटावर घेतला. जिभेवर ठेवला. वर गटागटा पाणी प्यायली.

"गोड आहे," ती म्हणाली.

आणि अक्का उठली.

अक्का उठली, तशी चाकांच्या फळीवर आडवी झाली. गाडीखाली सरकली. घर्रर्र. हात बाहेर काढला.

"मधला पाना दे रे."

पाना फिरला. करकच. करकच.
पाना फिरला, तसा बोल्ट घट्ट झाला. खुळखुळ बंद.
बोल्ट घट्ट झाला, तसा पट्टा ताणला. टणक.

"मार बटण," अक्का बाहेर येऊन म्हणाली.

जयसिंगदादानं बटण दाबलं. घुर्रर्र.

पट्टा ओढायला लागला. सर सर सर. चीं चीं नाही.
पट्टा ओढायला लागला, तसा पंप फिरला. गर गर गर.
पंप फिरला, तसं पाणी धावलं. खळ खळ खळ.
पाणी धावलं, तसं इंजिन गार व्हायला लागलं. धग धग. धग. ध.

काटा लालवरून खाली आला. आणखी खाली. आणखी.

अक्कानं गाडी बंद केली. बॉनेट उघडलं. सगळे वाकून बघायला लागले. टिचकीनं डोळे मिटले.

"आहे," अक्का म्हणाली.

खडा होता. थोडा चपटा झाला होता. एका बाजूला कलला होता. पण होता. अक्कानं तो अलगद उचलला. कागदावर ठेवला.

"घर कुठं तुझं?" जयसिंगदादानं विचारलं.

"झेंड्याच्या खांबाखाली."

"अरे, शर्यत तिथूनच तर सुटते. बस."

टिचकी बसली. काचेच्या मागे, खड्याला घट्ट धरून. गाडी निघाली.

झुंऽऽऽऽऽ.

शेड गेली. टायरचा ढीग गेला. माणसं गेली. टिचकीच्या मिशा मागे उडाल्या. आयुष्यात पहिल्यांदा टिचकी तुरुतुरु गेली नाही. झुंऽऽऽ गेली.

कच्च.

खांब आला. जयसिंगदादानं टिचकीला खाली ठेवलं. खडा बिळाच्या दाराशी ठेवला.

"आला, आला, गूळ आला," सगळ्या मुंग्या म्हणाल्या.

आत्यानं गूळ बाळाच्या ओठाला लावला. बाळानं चटचट चाटला. मग आत्या पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात नाव सांगितलं.

कणाद.

सगळ्या मुंग्या एकदम म्हणाल्या, "कुर्रर्रर्र."

वर शर्यत सुटायचा झेंडा पडला. गाड्या म्हणाल्या, "घुर्रर्रर्र."

खाली कुर्रर्रर्र. वर घुर्रर्रर्र. बाळ खुदकन हसलं.

शर्यत कोण जिंकलं? कुणास ठाऊक. सगळे गूळ खात होते, बघितलं कुणी? पण लाल गाडीचा काटा लाल झाला नाही, एवढं नक्की. आणि संध्याकाळी मालनअक्का खांबापाशी आली. बिळाच्या दाराशी तिनं हळूच काहीतरी ठेवलं.

गुळाचा खडा. चांगला मोठा. टिचकीहूनही मोठा.

गूळ गेला पोटात,
गोष्ट राहिली ओठात.