छत्रीवाल्या शेठजींचा स्वच्छ सूर्य

पुष्कळ वर्षांपूर्वी एका रथसप्तमीला मी वसा घेतला होता, की सूर्यनारायणाचं दर्शन झाल्यावाचून सकाळचा चहा घ्यायचा नाही. माघ-फाल्गुनात तो फार सोपा गेला. चैत्र-वैशाखात तर सूर्यनारायण माझ्याआधी उठून बसलेले असत. मग आषाढ आला. पहिल्या दिवशी चहा अकरा वाजता मिळाला, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं चढलं, की मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सूर्याला मनोभावे नमस्कार केला आणि लागोपाठ दोन कप चहा घेतला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सूर्य कागदाचा आणि चहा मात्र खरा होय गं?"

मी मान खाली घातली. पण त्या रागावल्या नाहीत. दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती अशी.

एका गावी एकदा छत्र्या विकणाऱ्या एका शेठजींना सूर्याचा नाद लागला. आता ज्याचं पोट ढगांवर चालतं त्याने सूर्याच्या मागे लागावं, हे गावाला नवलाचंच होतं. पण झालं खरं तसं. गावात एक वृद्ध गुरुजी होते, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जात, लहानशी दुर्बीण तिपाईवर बसवत आणि तिच्यातून येणारं सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडत. दुर्बिणीला डोळा म्हणून लावायचा नाही, ही त्यांची पहिली ताकीद. वहीच्या पानावर वाटी पालथी घालून वर्तुळ काढायचं, बिंबावर जिथे जिथे काळे डाग दिसतील तिथे तिथे पेन्सिलीने ते टिपायचे, मोजायचे, खाली संख्या आणि सही. महिनाअखेरीस तो तक्ता शहरातल्या हौशी निरीक्षकांच्या मंडळाला पाठवायचा. एकतीस वर्षं हा क्रम अखंड चालू होता.

एकदा छत्रीची काडी बसवून द्यायला म्हणून शेठजी त्या गच्चीवर गेले आणि कागदावर थरथरणारं ते तेजस्वी बिंब पाहून तिथेच बसले. त्यावर तिळाएवढे पाच डाग होते. "गुरुजी, हे डाग केवढे असतील हो?" गुरुजी म्हणाले, "त्यातल्या मोठ्यात आपली पृथ्वी सहज मावेल." शेठजींनी एकवार डागाकडे, एकवार हातातल्या छत्रीकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून ते शिष्य झाले.

घरी शेठाणींना हे काही फारसं पसंत नव्हतं. "सूर्यावरचे डाग बरे दिसतात तुम्हाला," त्या म्हणत, "सदऱ्यावरचे नाही दिसत." शेठजी मनात म्हणत, हिला आपलं कौतुक शून्य. तीस वर्षांच्या संसारात चांगला शब्द म्हणून नाही.

दोन वर्षं गेली. गुरुजींना मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेसाठी श्रावणात पंधरा दिवस शहरात राहावं लागणार होतं. निघताना त्यांनी वही शेठजींच्या हाती दिली.

"शेठ, माझी नजर आता पूर्वीसारखी होईल न होईल. ही वही पुढे कुणीतरी चालवायला हवी. पंधरा दिवस तुम्ही सांभाळा. नीट सांभाळलीत तर ती तुमची. नाहीतर मी ती मंडळाकडे पाठवून देईन, तिथे कपाटात राहील. एकच सांगतो, एकही पान कोरं सोडू नका."

शेठजींनी वही दोन्ही हातांनी घेतली. डझनाच्या हिशेबाने न विकली जाणारी अशी वस्तू आजवर कुणी त्यांच्या स्वाधीन केली नव्हती. वही कपाटात जाईल, या विचाराने त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पहिले तीन दिवस ऊन छान पडलं. चार डाग, चार डाग, सहा डाग. शेठजींनी असे सुबक टिपले की काय सांगावं! चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं, आणि ते बारा दिवस काही उघडलं नाही. इकडे दुकानावर ही गर्दी! कुणाला घडीची छत्री हवी, कुणाला लांब दांड्याची, कुणाची वाऱ्याने उलटी झालेली. साडेआठ वाजता शेठजींनी गल्ल्यावरूनच वर पाहिलं. सूर्य नाही. आता पान कोरं तर सोडायचं नाही. मग लिहायचं काय? सूर्य दिसला नाही, म्हणजे डाग दिसले नाहीत. डाग दिसले नाहीत, म्हणजे शून्य. त्यांनी वाटीऐवजी चहाची बशी पालथी घालून वर्तुळ काढलं, खाली ठसठशीत शून्य लिहिलं आणि सही ठोकली.

गुरुजींच्या जुन्या पानांवर अशा दिवशी एक आडवी रेघ असे. शेठजींनी ती पाहिलीही होती. पण गुरुजींनी पेन चालतं का ते पाहिलं असेल, असं त्यांना वाटलं.

पुढे त्यांचा हुरूप वाढला. "छत्री दुरुस्त करून मिळेल" या पाटीखाली त्यांनी खडूने लिहिलं, "आजचे सौरडाग : ०".

एक गिऱ्हाईक ते वाचून म्हणालं, "म्हणजे काय हो शेठ?"

"म्हणजे सूर्य सध्या अगदी स्वच्छ आहे."

गिऱ्हाईकाने निथळणारं धोतर पिळलं, वर पाहिलं. "मग छत्री घेऊ की नको?"

"घ्या, घ्या. त्याचा याच्याशी संबंध नाही."

असे बारा दिवस बारा शून्यं झाली. महिना संपला, तक्ता शहरात गेला. गुरुजीही परत आले, डोळ्यांवर काळा चष्मा, तब्येत उत्तम. शेठजी वही घेऊन भेटायला निघणार, तोच मंडळाचं पत्र आलं. तक्त्याखाली सही शेठजींची होती, म्हणून पत्र त्यांच्याच नावे आलं होतं; त्यांनीच ते फोडलं.

"आपला तक्ता मिळाला. त्या बारा दिवसांत जिथे जिथे आभाळ मोकळं होतं, तिथल्या आमच्या सर्व निरीक्षकांना सूर्यावर दोन मोठे डागसमूह दिसले. रोज तीसच्या वर डाग होते. एक मोठी सौरज्वालाही नोंदली गेली. आपल्या गावी मात्र सूर्यावर एकही डाग नाही. आपण तो कोणत्या साबणाने धुता, तेवढं कृपया कळवावं."

शेठजींनी पत्र दोनदा वाचलं. शेठाणींनी पत्र हातातून घेऊन वाचलं, पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांडी उगाच वाजत राहिली.

वही गेली, हे शेठजींना कळून चुकलं. तरी नेऊन देणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पाऊस कोसळत होता. दुकानातली सगळ्यांत मोठी छत्री घेऊन ते गुरुजींच्या घरी गेले, वही आणि पत्र पुढे ठेवलं आणि खाली मान घालून उभे राहिले.

गुरुजींनी पत्र वाचलं. साबणाच्या ओळीपाशी त्यांच्या मिशा जराशा हलल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ते एकदम उठले. "शेठ, चला वर. साडेआठ होत आले."

"गुरुजी, पाऊस आहे!"

"म्हणून तर तुमची छत्री हवी. तिपाई घ्या."

"आणि दुर्बीण?"

"तिला कशाला भिजवता? तिपाई पुरे."

शेठजींना वाटलं, शस्त्रक्रिया डोळ्याची झाली आणि परिणाम डोक्यावर झाला. पण बोलायला तोंड कुठे होतं! दोघे गच्चीवर गेले. गुरुजींनी रिकामी तिपाई ठरलेल्या जागी मांडली, पाय ठोकून पाहिले, पूर्वेकडे तोंड केलं आणि छत्रीखाली स्टुलावर बसले. शेठजींच्या डाव्या खांद्यावर पन्हाळीसारखं पाणी पडत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ढगांत कुठे फटसुद्धा दिसेना.

शेवटी गुरुजींनी छत्रीच्या आडोशाला वही उघडली. खिशातून वाटी काढली, पालथी घातली, वर्तुळ काढलं. त्याखाली सावकाश एक आडवी रेघ ओढली आणि आज मुद्दाम शब्दांतही लिहिलं, "ढग. सूर्य दिसला नाही." सही केली.

शेठजींना राहवेना. "गुरुजी, हे तर खाली पाटावर बसूनही लिहिता आलं असतं!"

गुरुजी म्हणाले, "आलं असतं. पण मधेच एक क्षण ढग फाटले असते तर? खाली बसून लिहिलं असतं तो तर्क झाला असता. वर येऊन, वाट पाहून लिहिलं, म्हणून ते निरीक्षण झालं. आणि शेठ, नीट ऐका. शून्य लिहायचा अधिकार फक्त त्याला, ज्याने सूर्य पाहिला आणि त्यावर डाग नव्हता. ज्याने सूर्यच पाहिला नाही त्याच्या वाट्याला रेघ. शून्य म्हणजे 'नाही'. रेघ म्हणजे 'मला ठाऊक नाही'. तुम्ही आपल्या आभाळातले ढग घेऊन सूर्याला कोरा ठरवलंत. तिकडे तो ज्वाला उसळवत होता, आणि इकडे तुम्ही पाटीवर लिहीत होतात, स्वच्छ आहे!"

शेठजींनी वहीतल्या मागच्या पानांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ती बारा शून्यं खोडून टाकू का?"

"या वहीत खोडायचं नाही. प्रत्येक शून्याशेजारी खरं काय ते लिहा."

खाली येऊन, ओल्या सदऱ्यानिशी, शेठजी लिहायला बसले. पहिल्या शून्यापाशी लिहिलं, "ढग होते. मी वर गेलो नाही." दुसऱ्यापाशी, "वर गेलो नाही. दुकानात गर्दी." पाचव्यापाशी, "वर गेलो नाही. पाय भिजतील असं वाटलं." बाराव्यापाशी आले तेव्हा कान लाल झाले होते. तिथे लिहिलं, "वर गेलो नाही. कारण काही नव्हतं."

गुरुजींनी चष्मा सावरून बाराही ओळी वाचल्या, वही मिटली आणि शेठजींच्या मांडीवर ठेवली. "घ्या. सांभाळा."

"गुरुजी! मी तर…"

"चुकीचं लिहिणारे पुष्कळ भेटतात हो. बाराव्या दिवशी कारण नव्हतं, हे लिहिणारा मला इतक्या वर्षांत पहिला भेटला."

शेठजी घरी आले ते तरंगतच. शेठाणी तांदूळ निवडत होत्या. "अगं, गुरुजींनी वही माझ्या स्वाधीन केली!"

"हं," शेठाणी म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

हिला आपलं कौतुक शू… असं शेठजींच्या ओठांवर आलं, आणि ते थबकले. मग खिशातली पेन्सिल काढून भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या तारखेवर त्यांनी एक आडवी रेघ ओढली.

शेठाणी डोकावल्या. "हे काय चालवलंय नवीन?"

"ढग," शेठजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जायला निघाले, तर वही जागेवर नाही. शोधता शोधता सापडली. ती छत्रीच्या काळ्या कापडाच्या, नव्याकोऱ्या पिशवीत होती. शिवण घट्ट आणि दुहेरी, वर बांधायला बंद.

शेठाणी चुलीकडेच पाहत म्हणाल्या, "पावसात वर जाऊन बसायचं असतं ना तुम्हाला? भिजेल मेली ती वही. आणि तो सदरा बदलून जा."

त्या दिवशीही पाऊसच होता. दुकानाच्या पाटीवर शेठजींनी लिहिलं, "आजचे सौरडाग : ढगांमुळे ठाऊक नाही." ते वाचून मागचंच धोतरवालं गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, आज पाटी पटली बघा."

गोष्ट संपली तेव्हा शेंगाही संपल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून साडेसातला अंगणात जा, पूर्वेकडे हात जोड, थोडी थांब. दिसला तर 'दिसलास' म्हण. न दिसला तर 'आज दिसला नाहीस' म्हणून सांग आणि ये, चहा घे. त्याला कागदावर नको आणूस." तेव्हापासून माझा वसा तसाच चालू आहे, आणि चहाही.

वाचणाऱ्या आयाबायांनो, दादांनो, आता माझी तुम्हाला एक विनंती. कधी सुनेचं मन दिसत नाही, कधी लेकाचं पत्र येत नाही, कधी तर देव्हाऱ्यापुढे तासभर बसूनही आत काही उजळत नाही. त्या दिवशी शून्य लिहू नका. वर जा, थोडं थांबा, आणि एक आडवी रेघ ओढून या. ढगांच्या वर तो आपलं काम करतच असतो.