बोलायला दिलेला माणूस

"…मग चुकलं कुठं, माई? नियमाप्रमाणं तर सगळं झालंय."

सोनटक्के साहेब एवढं बोलले आणि चिंचेच्या पारासमोर ताठ बसून राहिले.

पारावर माई वाती वळत होती. म्हातारी, वाळकी बाई, पण टेकडीवरच्या त्या मठात तिचा शब्द शेवटचा. तिनं वर पाहिलं नाही.

"कुणाचं चुकलं?"

"माझं नाही, एवढंच म्हणतोय मी. ज्याची वकील करायची ऐपत नाही, त्याला सरकार आपल्या खर्चानं वकील देतं. जिल्ह्यात त्या कामावर देखरेख माझी. तुरुंगात जाऊन कुणालाही विचारा, माई. वकिलावाचून एक माणूस सापडायचा नाही."

"सगळ्यांना दिलाय?"

"दिलेला आहे."

शिक्का उमटवावा तसे साहेब ते बोलले. माईनं वळलेली वात तबकात ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

साहेबांना सांगायचं होतं ते याच्या पुढचंच. त्यासाठी तर गाडी खाली नदीकाठी उभी करून ते उन्हातान्हाचे चढून आले होते. 

लंका नावाची एक बाई होती तुरुंगात. भांडी घासायची त्या घरातले दागिने गेले आणि आळ हिच्यावर आला. आत आली तेव्हा लेक नुकती पाऊल टाकायला लागलेली. घरी दुसरं कुणी नाही, म्हणून लेकही आत. तिथंच ती बोलायला शिकली, तिथंच तिचे दुधाचे दात हलायला लागले.

वकील दिला होता. त्यानं लंकाचं तोंड एकदाच धड पाहिलं, कोर्टाच्या व्हरांड्यात, अंगठा घेताना. ती काही सांगायला लागली तर म्हणाला, "गप उभी राहा, मी आहे ना." मग तारखांवर तारखा पडत गेल्या. जामिनाचा अर्ज कुणी केलाच नाही.

साहेब पाहणीला गेले, तेव्हा गजांतून हात काढून तिनं विचारलं होतं, "साहेब, माझ्या वतीनं कोण बोलतंय हो?"

"वकील दिलेला आहे," साहेब म्हणाले होते आणि पुढच्या खोलीकडे वळले होते.

वयाची सहा वर्षं पुरी झाली की मूल आईजवळ तुरुंगात ठेवत नाहीत. परवा लेकीला न्यायला बालगृहाच्या बाया आल्या. साहेब नेमके तिथं होते. लंका लेकीची वेणी घालत होती. इतकी घट्ट घालत होती, की पोरीचे डोळे ताणले गेले. पोर म्हणाली, "आई, दुखतंय." लंका म्हणाली, "असू दे गं माय. लवकर सुटायची नाही."

आणि पेड घालून झाले तरी तिच्या हातातून वेणीचं टोक काही सुटेना…

"माई," साहेब पुढे सरकले. "परवा तुरुंगात…"

"थांब." माईनं हात वर केला. "इथं कसं बोलावं ते तुला ठाऊक नाही. उगीच भलतंच बोलशील. मी माणूस देते तुला." तिनं गोठ्याकडे तोंड केलं. "केरबा! यांच्या वतीनं तू बोल."

केरबा शेणानं भरलेले हात तसेच घेऊन आला. साहेबांकडे त्यानं बघितलंही नाही. दिवस किती वर आलाय ते बघितलं.

"माई, यांचं फुडल्या गुरवारी ठेवा."

"ठेवलं."

साहेबांना आधी हसूच आलं. "अहो केरबा, मला काय विचारायचंय ते तरी ऐकाल की नाही?"

"ऐकतो की. गुरवारी या, मग ऐकतो."

"गुरुवारी? आत्ता आलोय मी! आत्ता जीव जातोय माझा!"

"आवाज चढवू नका, साहेब. माईला राग आला तर तुमचंच बिघडंल." केरबा त्यांच्या कानाशी वाकला. शेणाचा वास आला. "हात जोडून गप उभं ऱ्हावा. म्या हाय न्हवं?"

साहेब उठून उभे राहिले. हात कधी जोडले गेले, त्यांचं त्यांना कळलं नाही.

"माई," केरबा मोठ्यानं म्हणाला, "चूक झाली म्हणत्यात. पदरात घ्या."

"कसली चूक? मी असं कधी म्हणालो? माई, हा माणूस खोटं…"

"कबूल करून टाका की वो! लवकर सुटाल. आन् मलाबी सुटू द्या, गाय पान्हवून हुभी हाय तिकडं."

तो गेलासुद्धा.

साहेबांची कानशिलं तापली. जिल्ह्याच्या कचेरीत त्यांना पाहून माणसं खुर्ची सोडून उठत. आणि इथं एक गोठ्यातला गडी…

"माई, ही काय थट्टा आहे? त्याला माझं नावही माहीत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या लेकराची वेणी…"

"केरबा," माईनं वात वळता वळता विचारलं, "कोण बोलतंय रे?"

गोठ्यातून आवाज आला. "कुनी न्हाई, माई."

साहेब खाली बसले. 

गोठ्यात दुधाच्या धारा वाजत होत्या. दाव्याला बांधलेलं वासरू हंबरत होतं. माईचा हात थांबत नव्हता.

मग साहेब रडायला लागले. आधी रुमाल तोंडाशी धरून, मग रुमाल सोडून. लग्नाच्या वयाची लेक घरी असलेला माणूस, पण लहान पोरासारखे हुंदके देत होते. गुरुवारपर्यंत हे पोटात घेऊन कसं राहायचं? आणि गुरुवारी तरी केरबा काय बोलणार होता? गाय तर तेव्हाही पान्हवणारच…

त्या बाईनं किती गुरुवार काढले असतील?

आज सकाळी तिच्या लेकीचे केस कुणी विंचरले असतील? की कुणी सोडलेच नसतील?

ते गुडघ्यांवर सरकत पाराशी गेले. ताठा कुठल्या कुठे गेला होता.

"माई… उत्तर नको देऊस. मला माफही करू नकोस. एवढंच सांग… मी काय विचारायला आलो होतो, ते तुला ठाऊक तरी आहे का गं?"

माईच्या हातातली वात तशीच राहिली. तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

तिचे डोळे भरून आले होते.



"मला कसं ठाऊक असणार, बाळ?" ती म्हणाली. "तुला माणूस दिलेला आहे."