सुळक्यानं तोंड का झाकलं

डोंगर बोलायचे अन् कॅमेऱ्याला लाकडाचे तीन पाय असायचे, तवाची ही गोष्ट. एका डोंगराला आभाळात घुसलेला सुळका होता, अन् पायथ्याला सोनकीची पिवळीधमक फुलं यायची. पण गेनू फोटोवाल्याच्या एकाबी फोटोत ती कधी दिसली न्हाईत. वर आभाळच इतकं लखलखायचं, की खालचं समदं काळंमिट्ट यायचं. बिचारी दरसाल नटायची अन् तशीच सुकून जायची.

एकदा गेनूनं एक काच आणली. वरनं काळपट, खाली येईल तशी नितळ. कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं बसत काच म्हणाली, "फुलांनो, हसा आता! आभाळाचा तोरा मी उतरवते. सुळकेबुवा, तुम्ही तेवढं डोकं खाली घ्या. माझ्या काळ्या भागात येताय."

"खाली? ह्या चिल्ल्यापिल्ल्यांत?" सुळका फुरफुरला. "अगं ए अर्धवट, माझी ऊठबस आभाळाशी. मला त्याच्याच पंगतीला धर!"

"धरते बाबा. मग रडू नका."

फोटो निघाला. आभाळ कसं निवलेलं, ढगन् ढग दिसत होता. फुलं पाकळी-पाकळीनं हसत होती. अन् मधोमध सुळका, तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट!

फुलं हसून हसून देठात वाकली. "बुवा, चुलीत डोकावला होता काय?"

तवापासून कॅमेरा दिसला, की सुळका घाईघाईनं ढग ओढून तोंड झाकतो. शहाणे फोटोवाले म्हणतात, हवा बिघडली. म्हणू द्या की! खाली फुलं बघा, कशी खुदखुदतायत.